मेणाच्या नळकांड्यातली मुलगी

तिला किळस फार. दुधावरची साय बोटाला लागली की अंगावर काटा. मोरीच्या जाळीत अडकलेले केस, दुकानदारानं पिशवी उघडायला बोटाला लावलेली थुंकी, दुसऱ्याच्या उशीवरचा तेलकट गोल डाग, यातलं काहीही दिसलं की तिच्या तोंडून आपोआप ‘ई’ निघायचं. लहानपणी आई म्हणायची, “हिला नाक दिलंय ते मुरडायलाच.” मोठेपणी संग्रहालयात नोकरीला लागली, तिथल्या शिपायानं आठवडाभर ते ‘ई’ ऐकलं आणि तिचं नाव ठेवलं ईताई. ते इतकं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं नाव कुणाचं, असं नवा माणूस विचारायचा.

आणि नशीब बघा. अशा बाईच्या वाट्याला काम कुठलं यावं, तर बुरशी पुसायचं.

संग्रहालयाच्या तळघरात जुन्या आवाजांची खोली होती. तबकड्या यायच्या आधी, पणजोबा-खापरपणजोबांच्या काळात, आवाज मेणाच्या नळकांड्यांवर धरत असत. पाणी प्यायच्या पेल्याएवढं पोकळ नळकांडं, तपकिरी, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. ते यंत्रावर फिरत ठेवायचं, भोंग्यात तोंड घालून बोलायचं, आणि आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणात केसाएवढी चरी कापत जायची. पुढे दुसरी सुई त्याच चरीतून फिरवली की भोंग्यातून तोच आवाज परत. दोन मिनिटं, की संपलं. अशी सातशे नळकांडी तिथल्या कपाटांत उभी होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं.

मेण बुरशीला फार गोड लागतं. जुन्या लोकांनी नळकांडं जपून राहावं म्हणून पुठ्ठ्याच्या डबीत कापसाचं अस्तर लावलं. कापसानं ओल धरली आणि बुरशीची सोयच झाली. डबीचं झाकण काढलं की आधी वास यायचा, ओल्या मोज्यात कुजकं फळ घालून ठेवल्यासारखा, आणि मग दिसायचे पांढरे केसाळ ठिपके. जिथलं मेण बुरशीनं खाल्लं तिथला आवाजही खाल्ला. हलक्या ब्रशनं वरची लव काढता यायची. खाली राहिलेले खड्डे कसे भरणार? सुई त्या खड्ड्यांतून जाताना तापल्या तेलात पाणी शिंपडल्यासारखा तडतडाट व्हायचा. नळकांडं उन्हानं वाकडं झालेलं असेल तर आवाज दारुड्यासारखा झोकांड्या खायचा. तडा असेल तर दर फेऱ्याला ठक, सेकंदाला अडीच-पावणेतीन वेळा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ईताई नाकाला दुहेरी फडकं बांधायची, हातमोजे घालायची, दोन बोटं आतून फाकवून नळकांडं उचलायची, कारण तळहाताच्या उबेनंही मेण तडकतं. आणि दर वेळी, पंधरा वर्षं झाली तरी, ‘ई’ म्हणायचीच.

“मग सोडून दे की,” नणंद म्हणायची.

“सोडीन, सोडीन,” ईताई म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी फडकं धुऊन कामाला जायची. तिचे वडील घड्याळजी. त्यांच्या दुकानात बसून बसून तिला बारीक कामाचा हात आणि त्याहून बारीक कान आला होता. किळसेचा तिला त्रास होता, पण बिघडलेलं यंत्र तसंच टाकून उठायचं म्हणजे त्याहून मोठा त्रास.

शेजारच्या बायकांना तिचं काम कधी कळलं नाही. इंग्रजीत नळकांडं म्हणजे सिलिंडर, आणि “सिलिंडरच्या खात्यात आहे” एवढंच त्यांच्या कानावर होतं. घरातला गॅस संपला की कुणी ना कुणी दार वाजवायचं, “ताई, तुमच्या ओळखीनं एक लवकर मिळेल का हो?” तिनं समजावायचं सोडून दिलं होतं. नवराही काही कमी नव्हता. तो दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचा. आधी मेणाचा साचा, मग पक्के दात. कधी कधी तो अर्धी कवळी घरी आणायचा आणि नेमकी जेवणाच्या टेबलावर ठेवायचा.

“अहो, उचला ते आधी. ई!”

“अगं, तूही मेणात, मीही मेणात. एका जातीचे आपण.”

“तुमच्या मेणाला चावायचंय. माझ्या मेणाला बोलायचंय. उचला.”

पण या कामातली सगळ्यात वाईट किळस तिला स्वतःची आली होती, आणि ती गोष्ट तिनं फक्त नवऱ्याला सांगितली होती. नवी नवी असताना तिला एक नळकांडं सापडलं होतं, बुरशी जवळजवळ नसलेलं. त्यावर कुणी एक माणूस काहीतरी सांगता सांगता हसायला लागतो आणि त्याला हसू आवरत नाही, एवढंच होतं. ऐकणाराही हसायचाच. पाहुणे आले की तेव्हाचे साहेब सांगायचे, “ते हसणाऱ्याचं लावा.” ती जुन्याच यंत्रावर, जुन्याच जड सुईनं लावायची. तिला स्वतःलाही आवडायचं. कुणी नसलं तरी लावायची. वर्षभरानं तिच्या लक्षात आलं की हसणं बारीक होत चाललंय. जड सुई दर वेळी चरीतून थोडं मेण खरवडून नेत होती. आणखी काही महिन्यांनी तिथे नुसती खसखस उरली. त्या माणसाचं हसू जगात एवढ्या एकाच जागी होतं आणि ते तिनं आपल्या हातानं संपवलं होतं. सुईच्या टोकाला लागलेला तपकिरी भुगा तिनं बोटावर घेऊन पाहिला. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. हलक्या सुईचं नवं यंत्र मागून मागून आणवलं. कुठलंही नळकांडं एकदाच वाजवायचं, त्याच वेळी संगणकात धरायचं, आणि मग ते परत डबीत, पण कापूस काढून.

एका सकाळी खोलीच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. ऐंशीच्या पुढचे, ताठ, सदऱ्याचं वरचं बटणही लावलेलं. हातात बुटांचं खोकं. निवृत्त शाळामास्तर होते ते.

“बाई, इथे जुना आवाज ऐकवतात ना?”

“काय आहे त्यावर अवलंबून आहे. बसा.”

मास्तरांनी खोकं मांडीवर ठेवलं आणि वर्गात धडा सांगावा तसं सगळं क्रमानं सांगितलं. त्यांचे आजोबा, आईचे वडील, डॉक्टर होते. गावात पहिलं ध्वनियंत्र त्यांनी आणलं आणि घरातल्या माणसांचे आवाज धरून ठेवले. मास्तर दीड वर्षाचे असताना आई गेली. मग आजोबांनीच त्यांना वाढवलं. आजोबा म्हणायचे, तुझी आई पाच वर्षांची असताना मी तिचा आवाज धरलाय, तू शहाणा झालास की ऐकवीन. मास्तर शहाणे व्हायच्या आधीच यंत्र मोडलं आणि आजोबाही गेले. खोकं मामेभावाकडे राहिलं. आता मामेभाऊ वारला आणि वहिनीनं माळा आवरताना ते काढून दिलं.

“ऐंशी वर्षं झाली,” मास्तर म्हणाले. “आईचा चेहरा फोटोत बघितलाय. आवाज कसा होता ते सांगायला कुणी उरलं नाही.”

ईताईनं खोकं उघडलं. सहा नळकांडी होती. पाच संशय यावा इतकी चकचकीत. तिनं एक दिव्याखाली धरलं. चरी नव्हत्याच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडव्यातिडव्या ओरखड्यांचं जाळं.

“हे कुणी केलं?”

“वहिनीनं धुऊन दिली हो. म्हणाली, एवढी घाण कुणाच्या हातात द्यायची म्हणजे बरं दिसत नाही. गरम पाणी, साबण आणि भांड्याच्या काथ्यानं घासून…” मास्तर थांबले. समोरच्या बाईचा चेहरा बघून त्यांना कळलं. “गेली का?”

 पाच माणसं काथ्यानं घासून मोरीत सोडली होती. त्या बाईच्या हातांचा, त्या साबणाच्या फेसाचा, त्यातून वाहून गेलेल्या तपकिरी पाण्याचा ईताईला इतका तिटकारा आला की ती उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग परत आली.

“सहावं?”

सहावं खोक्याच्या तळाशी होतं, डबीसकट. झाकण उघडताच वास आला. आतलं नळकांडं दिसतही नव्हतं, नुसती पांढरी हिरवी लव.

“त्याला तिनं हातच लावला नाही,” मास्तर ओशाळून म्हणाले. “म्हणाली, मला बाई हे बघवतसुद्धा नाही, उलटी होईल.”

ईताईनं डबीच्या तळावरचा शाईचा अक्षर-अक्षर पुसट झालेला कागद भिंगातून वाचला. मास्तरांनी ओळखलं, त्यांच्या आईचं लाडाचं नाव होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा तिनं बुरशीचे आभार मानले. किळस आली म्हणून एवढं एक वाचलं होतं. मास्तरांनी देणगीपत्रावर सही केली, नळकांडं संग्रहालयाला दिलं, बदल्यात आवाजाची एक प्रत त्यांना मिळणार होती. चष्मा पुसत ते जिना चढून गेले.

तीन आठवडे लागले. रोज थोडी लव, ब्रशच्या चार फटकाऱ्यांत, खालची चरी न दुखावता. फडक्यातूनही वास घशात उतरायचा. घरी जेवताना घास तोंडात फिरायचा. नवरा म्हणाला, “अगं, किती दिवस उपाशी राहशील त्या डॉक्टरच्या पोरीपायी?” ती म्हणाली, “कशालाच तोंड लावावंसं वाटत नाही.” खालून नळकांडं निघालं ते देवी आलेल्या चेहऱ्यासारखं, खड्ड्याखड्ड्यांचं. शिवाय एक उभा तडा. शिवाय थोडं वाकडं.

मग एका दुपारी तिनं दार लावून घेतलं, शिपायाला बाहेर बसवलं आणि हलकी सुई खाली टेकवली. दोन मिनिटं. तडतडाट आणि ठक, ठक, ठक. त्याच्या तळाशी, विहिरीतून आल्यासारखं, कुणीतरी होतं.

पुढचे आठ दिवस तिनं संगणकात धरलेली ती दोन मिनिटं कानाशी लावून काढली. यंत्र तेव्हा किती वेगानं फिरत होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वेग वाढवला की मुलगी चिमणीसारखी चिवचिवायची, कमी केला की म्हातारी व्हायची. सुरुवातीला एक पुरुष बोलत होता. तो माणसासारखा वाटेपर्यंत ती वेग मागेपुढे करत राहिली, आणि तो सापडल्यावर मुलगीही सापडली. शब्द एकेक करून वर आले.

पुरुष म्हणत होता, “हं, म्हण. बे एके बे.”

खसखस. मग मुलगी, अगदी जवळून: “ह्याच्यात काळोख आहे.”

“काळोख नाही, भोंगा आहे तो. म्हण.”

“मी नाही म्हणणार. ह्याच्यात कोण आहे?”

“म्हणतेस की नाही?”

“नाही म्हणणार, जा!”

आणि मग एक मोठा आवाज. फट्.

ईताईनं तो आवाज पुन्हा ऐकला. तड्याची ठक असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ती घड्याळजीची लेक होती. टिकटिकीत एक टोला वेडावाकडा पडला तर तिला झोपेतही कळायचं. तिनं कागदावर ठका मांडल्या, सारख्या अंतरानं, एकामागून एक. फट् त्या ओळीत बसेना. दोन ठकांच्या मध्ये, एकाकडे झुकून, एकदाच. आधी नाही, नंतर नाही. तड्याचा आवाज बारीक, कोरडा. हा रुंद होता, त्याला मांस होतं. त्यानंतर भोंग्यात मुलीचा श्वास आत ओढल्याचा आवाज, सुई अडखळल्याची खरखर, आणि मग हुंदक्यावर हुंदका देत: “बे… एके… बे. बे… दुणे… चार.”

थेट बे दाहे वीसपर्यंत. बे सक बाराला तिला उचकी लागली होती. शेवटी पुरुषाचा आवाज, खूश: “शाबास.”

ईताईनं कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. बुरशीची किळस हात धुतल्यावर जायची. ही जाईना. पाच वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत मारून तिचे पाढे मेणात भरणारा तो डॉक्टर, आणि वर ते ‘शाबास’. तो शब्द तिला एखाद्या ओल्या हातासारखा अंगाला चिकटलेला वाटला.

त्याच महिन्यात संचालकांना नवं दालन उघडायचं होतं. भिंतीवरची कळ दाबायची, जुना आवाज ऐकायचा. मुलांच्या सहली येणार, मंत्री येणार. त्यांनी बाहेरून एक आवाजतज्ज्ञ आणला होता, पन्नाशीचा, अत्तराच्या इतक्या दाट ढगात वावरणारा की तो जिन्यात असतानाच तळघरात कळायचं. ईताई मनात त्याला पॉलिशवाला म्हणायची. तिनं धरलेले आवाज तो घेऊन जायचा आणि संगणकात धुऊन आणायचा. त्या डॉक्टरच्या पोरीचंही घेऊन गेला आणि चार दिवसांनी संचालकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवलं.

“बे एके बे, बे दुणे चार…”

गोड, गुळगुळीत, काचेच्या बरणीत बसून म्हटल्यासारखं. तडतडाट नाही, ठक नाही. हुंदके नाहीत. उचकी नाही. सुरुवातीचं बोलणं तर नाहीच.

“वा!” संचालक म्हणाले. “बाहुली बोलतेय जशी!”

“आधीचं कुठे गेलं?” ईताईनं विचारलं.

“पहिला भाग फारच खराब होता,” पॉलिशवाला म्हणाला. “कापला. श्वासाचे आवाज मशीननं गोंगाट म्हणून काढले. एक मोठा ठोका होता, तोही काढला.”

“तो ठोका नव्हता. चापट होती.”

 मग संचालक हसले. “बाई, शंभर वर्षांपूर्वीच्या खरखरीत तुम्हाला चापट ऐकू आली?”

“कागदावर मांडून दाखवते.”

“आणि असली तरी आपल्याला काय करायचंय? घरोघरी व्हायचं तसं. मुलं येणार आहेत ऐकायला. त्यांना काय ऐकवू? गोड आहे ते गोड राहू दे.”

पॉलिशवाल्यानं पाण्याचा घोट घेऊन ओठ पुसले. ईताईला वाटलं, वहिनी परवडली. तिनं न कळून घासलं, आणि काथ्या तरी उघड होता. हा सुगंधी काथ्या होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आपली प्रत न्यायला आले. संचालकांनी त्यांना वरच खुर्ची दिली, चहा दिला आणि धुतलेला आवाज ऐकवला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मग जिना उतरून तळघरात आले आणि ईताईसमोर बसले.

“बाई, मी चाळीस वर्षं पाढे ऐकलेत. हजारो पोरांचे. पाच वर्षांचं पोर असं पाढे म्हणत नाही. कुठे अडतं, कुठे श्वास घेतं. हे कोण बोलतंय?”

ईताईनं हातातला ब्रश खाली ठेवला. ऐंशी वर्षांनी आई ऐकायला आलेल्या माणसाला काय ऐकवायचं? न ऐकवावं तर पॉलिशवाल्यात आणि आपल्यात फरक काय? तिनं हे दोन्ही प्रश्न मनात उलटसुलट केले आणि दोन्हींचा तिला वीट आला.

“मास्तर, खरं आहे ते माझ्याकडे आहे. पण ते ऐकायला चांगलं नाही.”

“खराब आहे?”

“खराब आहेच. पण मी त्याबद्दल बोलत नाही.”

मास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. “लावा.”

तिनं न धुतलेलं लावलं. तडतडाटात त्यांना आधी काहीच कळेना, म्हणून ती शब्द सांगत गेली, हळू, एकेक. ‘काळोख आहे’ला मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. ‘नाही म्हणणार, जा’ला ते चक्क हसले, मोठ्यानं. आणि मग फट्.

ईताईला समजावून सांगावं लागलं नाही. मास्तरांचा डावा गाल क्षणभर आपोआप खांद्याकडे झुकला.

पाढे संपले. ‘शाबास’ झालं. 

“असंच,” मास्तर म्हणाले. “आधी चापट, मग शाबास. मला वाटायचं मीच तेवढा नालायक. आई फार शहाणी होती, एकदा सांगितलं की ऐकायची, असं आजोबा सांगायचे. प्रत्येक चापटीबरोबर सांगायचे. तुझ्या आईला कधी हात लावावा लागला नाही.” त्यांच्या तोंडावर असा भाव आला जसा अन्नात केस सापडल्यावर येतो. “आयुष्यभर मी त्या माणसाच्या फोटोला हार घातला, बाई.”

ईताईनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

“आणि मीही तेच केलं,” ते म्हणाले. “वर्गात. किती पोरांना, मोजलं नाही. वर शाबासही म्हणालो.”

खोटं सांत्वन करायचा तिचा स्वभाव नव्हता. ती म्हणाली, “प्रत कुठली देऊ?”

“ही. सगळी. तुम्ही कापू नका, ऐकताना थांबायचं तिथे मी थांबेन. ‘नाही म्हणणार, जा’पाशी.” मग उठता उठता म्हणाले, “आईचा आवाज तेवढाच आहे त्यात. पुढचा आजोबांचा आहे.”

तिथून मास्तर सरळ संचालकांकडे गेले. ईताईही मागोमाग गेली. मास्तर म्हणाले, लावायचं तर सगळं लावा, नाहीतर काढून टाका. संचालकांनी देणगीपत्रावरची सही दाखवली आणि मऊ आवाजात सांगितलं की तुमच्या आजोबांची प्रतिमा जपणं ही आमचीही जबाबदारी आहे.

“आजोबा माझे होते,” मास्तर म्हणाले. “मला जपायची नाही. तुम्हाला कशाला हवी?”

“तुम्ही भावनेच्या भरात आहात.”

“निदान खाली लिहा तरी, की हे कापलंय.”

“लिहू ना, लिहू,” संचालक म्हणाले आणि त्यांनी मास्तरांना दारापर्यंत पोचवलं.

दालन उघडलं. खालच्या पाटीवर लिहिलं होतं: ‘शंभर वर्षांपूर्वीची एक हुशार मुलगी आनंदाने पाढे म्हणत आहे.’ ईताईनं ते वाचलं आणि ती ‘आनंदाने’ या शब्दापाशी अडली. एक आई आपल्या मुलीला कळ दाबून दाखवत होती, “बघ, किती शहाण्यासारखं म्हणते. नाहीतर तू.” ईताई तिथून निघाली ती थेट बेसिनपाशी.

दुसऱ्या दिवशी तिनं एक पट्टी टाईप केली आणि त्या पाटीखाली चिकटवली: ‘या ध्वनिमुद्रणाचा पहिला भाग कापला आहे. त्यात मुलगी पाढे म्हणायला नकार देते. तिला चापट मारली जाते. मूळ आवाज तळघरातील खोलीत ऐकता येईल.’ दुपारी ती काढलेली होती. तिनं पुन्हा चिकटवली. पुन्हा काढली. पाचव्या वेळी शिपाईच खाली आला. “ताई, काढायला मलाच लावतात हो. माझी नखं गेली.”

“तू कशाला नखं घालवतोस? मी चांगला डिंक आणते, मग निघणारच नाही.”

संचालकांनी बोलावून घेतलं. टेबलावर पाच पट्ट्या गोळा करून ठेवल्या होत्या. “काय आहे हे, बाई? काय त्रास होतोय तुम्हाला?”

“किळस येते, साहेब.”

“एवढंच ना?” त्यांच्या कपाळावरची आठी गेली. “मग आधी नाही का सांगायचं? बुरशीचं कामच तसं. तुमच्यासाठी परदेशी मास्क मागवतो, चांगला, दोन नळ्यांचा.”

 ईताईला हसूही आलं आणि त्या हसण्याचीही किळस आली. “मागवा,” ती म्हणाली. मास्क आला आणि तिनं तो घेतला. कामाला चांगला होता. शिवाय एक लेखी ताकीदही आली, की भिंतींना परवानगीशिवाय काही चिकटवल्यास वेतनवाढ थांबेल. वाढ थांबलीही, कारण सहावी पट्टी तिनं नवऱ्याच्या कवळ्यांच्या डिंकानं लावली. पट्टी निघाली, पण भिंतीचा रंग घेऊन.

नोंदवहीत मात्र तिचा हात धरायला कुणी नव्हतं. त्या नळकांड्याच्या पानावर तिनं सगळं लिहिलं. बुरशी कुठे, तडा कुठे, वेग किती, कोणत्या सेकंदाला काय. चापटीची वेळ, मुलीचे शब्द जसेच्या तसे, उचकी. ‘शाबास’सुद्धा. पॉलिशवाल्याच्या प्रतीपुढे तिनं एकच शब्द लिहिला, ‘निकामी’.

दोन वर्षांनी संचालक बढतीवर मोठ्या संग्रहालयात गेले; निरोपाच्या भाषणात त्या दालनाचं कौतुक झालं. त्यांच्या जागी आले ते साहेब निवृत्तीला टेकलेले होते आणि त्यांना भिंती बघायची हौस नव्हती. त्या आठवड्यात ईताईनं सातवी पट्टी लावली आणि तिला कुणी हात लावला नाही. रंग उडालेल्या जागेवर ती बरोबर बसली. बहुतेक माणसं ती वाचत नाहीत. कळ दाबतात, ‘किती गोड’ म्हणतात आणि पुढे जातात. महिन्यातून एखादा माणूस मात्र जिना उतरून तळघरात येतो आणि दारातून विचारतो, “ते खरं इथे ऐकायला मिळतं का?” ईताई त्याला स्टूल देते आणि सांगते, “आधी तडतड फार आहे. उठू नका. वीस सेकंदांनी ती बोलते.”